सायकल भत्ता

आमचा भाचा व्हिएन्नाला असतो. तिथे तो नेमकं काय करतो हे त्याने मला तीनदा समजावून सांगितलं आहे आणि तिन्ही वेळा मला ते समजल्यासारखं वाटलं आहे. तर या भाच्याचा मागच्या पावसाळ्यात एका रात्री फोन आला. आवाजात असा काही उत्साह, की मला वाटलं याचं लग्न ठरलं.

"मामा, आम्ही सायकलने टूर केली! पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत. तीनशे किलोमीटरच्या वर! सगळी डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने. आणि गंमत म्हणजे ट्रॅफिकच नाही. वाटेत मोटार म्हणून दिसत नाही!"

"आणि एस्टी?"

"एस्टी कुठली, मामा?"

"मग मध्येच सायकल बसली असती तर घरी कसा आला असतास?"

यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. परदेशात गेल्यावर माणसाची अडचणींची कल्पनाशक्ती मंदावते, हे माझं जुनं निरीक्षण आहे. मग त्याने मोबाइलवर फोटो पाठवले. डावीकडे नदी, उजवीकडे द्राक्षांचे मळे, मागे डोंगरावर पडका किल्ला आणि मधोमध आमचा भाचा, डोक्यावर अर्ध्या कलिंगडाच्या सालासारखं काहीतरी घालून. सामान म्हणे एक कंपनी पुढच्या मुक्कामाला नेऊन ठेवते. आपण नुसती सायकल मारायची आणि संध्याकाळी जाऊन जेवायचं. या सगळ्याचे किती पडले तो आकडा त्याने युरोत सांगितला. मी तो रुपयांत करून पाहिला आणि तांब्याभर पाणी प्यायलो.

"अरे, एवढे पैसे मोजलेस?" मी म्हटलं. "तुझ्या आजोबांना याच कामाचे सरकार पैसे देत होतं."

हे वाक्य मी चिडून बोललो होतो. चिडून बोललेलं वाक्य खरं निघालं की माणूस स्वतःच दचकतो. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण आमचे वडील खरोखरच वीसेक वर्षं नदीच्या खोऱ्यातून, जिथे मोटार दिसत नाही अशा वाटेने, सायकलवर फिरले होते. आणि त्यांच्या कागदपत्रांत या फिरण्याला 'टूर' असाच शब्द होता.

आमचं गाव आमगाव. मुंबई–हावडा लायनीवर गोंदिया सोडलं की पूर्वेकडे थोड्या वेळाने येतं. गाडीत झोपलेल्या माणसाच्या ध्यानात यायच्या आत निघूनही जातं. आधी आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा झाला, त्यात आलो. सालेकशाच्या बाजूला बाघ नदी वाहते. चिचगडकडच्या डोंगरातून निघते आणि उत्तरेला वैनगंगेला जाऊन मिळते. पुण्यामुंबईचे पाहुणे 'वाघ नदी' असं शुद्ध करून म्हणतात. त्यांना आम्ही सांगतो, की अहो, आमच्याकडे मराठी जिथे संपायला येते तिथे वाघाचा बाघ होतो, आणि ही नदी तर पुढे मध्य प्रदेशाची हद्दच होऊन वाहते. तिने 'ब' घेतला तो विचार करूनच घेतला असणार.

या नदीवर सिरपूरला आणि पुजारीटोल्याला धरणं झाली ती १९७० च्या सुमारास. धरण झालं की कालवा आला. आमच्याकडे त्याला नहर म्हणतात. नहर आला की त्याच्या मातीच्या पाळीवरून फिरून पाणी बघणारा माणूस आला. तो माणूस म्हणजे आमचे बाबा. हुद्दा कालवा निरीक्षक, वाहन सायकल, आणि महिन्याच्या पगारात 'सायकल भत्ता' नावाची एक ओळ. ती रक्कम इतकी किरकोळ असे की आई म्हणायची, ते सायकलला देतात, आपल्याला नाही. दर महिन्याला बाबा 'टूर डायरी' भरत. अमुक तारखेला सकाळी सात वाजता मुख्यालय सोडलं, अमुक मायनरची पाहणी केली, दारं ठीक, एके ठिकाणी खेकड्यांनी पाळ पोखरलेली आढळली, सायंकाळी परत. हवामान, सृष्टिसौंदर्य, मनातले विचार यांसाठी त्या छापील नमुन्यात रकाना नव्हता.

निवृत्त माणसाचा अपमान झाला की तो वाचनालयात जातो. मीही गेलो. डॅन्यूबच्या काठी हा बिनमोटारीचा रस्ता कुणी, कशासाठी बांधला, हे मला पाहायचं होतं. कारण नुसत्या सायकलवाल्यांच्या सुखासाठी कुणी तीनशे किलोमीटर रस्ता बांधील यावर बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा विश्वास बसत नाही.

आणि तसंच निघालं. तो रस्ता घोड्यांचा आहे. आगबोटी येण्यापूर्वी डॅन्यूबवर माल उतारावर जाई तो प्रवाहाबरोबर, फुकट. पण परत वर कसा आणायचा? तर नावांना दोर बांधायचे आणि काठावरून डझनावारी घोडे जुंपून त्या ओढत न्यायच्या. पुढे घोडे, त्यांच्यावर शिव्या देणारे स्वार, मागे मीठ नाहीतर धान्य भरलेल्या नावा, अशी ती वरात दिवसचे दिवस चाले. त्या घोड्यांना चालायला काठाने पायवाट ठेवलेली असे. १८३० नंतर वाफेच्या बोटी आल्या, पुढे रेल्वे आली, घोडे घरी गेले आणि वाट तशीच पडून राहिली. जवळजवळ शंभर वर्षं तिचं काय करायचं हे कुणाला सुचलं नाही. मग १९८० च्या दशकात ऑस्ट्रियातल्या लोकांना तिच्यावर सायकली घालायचं सुचलं. आता ती अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या एका लांबलचक सायकल-मार्गाचा तुकडा झाली आहे. त्या मार्गाचा क्रमांक ६. आमच्याकडे कलकत्त्याला जाणारा ट्रकांचा महामार्गही पूर्वी ६ नंबरचाच होता. साम्य इथेच संपतं.

भाच्याच्या फोटोतला तो पडका किल्लाही मी शोधून काढला. ड्यूर्नस्टाइन त्याचं नाव. धर्मयुद्धावरून परतणाऱ्या इंग्लंडच्या राजा रिचर्डला ११९२ साली पकडून तिथे डांबलं होतं, आणि त्याला सोडवायला इंग्लंडच्या प्रजेला जबर खंडणी भरावी लागली. म्हणजे त्या खोऱ्यात मुक्काम करणं तेव्हापासूनच महाग आहे.

आणखी एक गोष्ट मला त्या वाचनात सापडली आणि ती मात्र मी बाबांना सांगायला हवी होती असं वाटलं. नदीकाठच्या वाटेला चढ नसतो. पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत नदी किलोमीटरमागे जेमतेम अर्धा मीटर उतरते. आमच्या नहराचंही तेच. नहर खणताना तो डोंगराला वळसे घालून जवळजवळ समपातळीत नेतात. उतार ठेवतात तो पाण्याला कळेल इतकाच, माणसाला कळू नये असा. पाणी चढ चढत नाही, म्हणून पाळही चढत नाही, म्हणून पाळीवरच्या सायकलवाल्यालाही चढ लागत नाही. म्हणजे उत्तम सायकल-मार्गाला लागणारे सगळे गुण आमच्या नहराच्या पाळीला जन्मतःच होते. फक्त सामान पुढे नेऊन ठेवणारी कंपनी नव्हती. बाबांचं सामान म्हणजे हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी.

सायकलीचा इतिहास वाचायला लागलो की माझ्यासारख्या आमगावकराला एक तारीख हटकून अडवते. कार्ल ड्राइस नावाच्या जर्मन गृहस्थाने दोन लाकडी चाकं एकामागे एक लावली, वर बैठक केली आणि १२ जून १८१७ रोजी मानहाइम गावातून तो पायाने जमीन रेटत रेटत निघाला. सात-एक किलोमीटर जाऊन परत आला, तोही तासाच्या आत. त्याच वर्षी नोव्हेंबरात इकडे नागपूरला सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. आमचा सगळा मुलूख त्या भोसल्यांचा. एकीकडे राज्य बुडत होतं आणि दुसरीकडे सायकल निघत होती, आणि दोघांनाही एकमेकांची बातमी नव्हती. इतिहासात असंच असतं. आपल्याला पुढे कशावर बसायचं आहे ते दुसरीकडेच कुठेतरी ठरत असतं.

ड्राइसच्या यंत्राला पायडल नव्हतं. ते मागून आलं. मग एक चाक माणसाएवढं आणि दुसरं ताटाएवढं अशी ती उंच सायकल आली, जिच्यावरून पडण्याला वेगळं धाडस करावं लागत नसे. टॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस असल्या सायकलवरून १८८४ ते १८८६ या काळात जगाला फेरी मारून आला. लाहोरहून कलकत्त्यापर्यंत तो आपल्या ग्रँड ट्रंक रस्त्याने गेला. १८८५ साली स्टार्लीने दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी अशी आजची सायकल विकायला काढली. १८८८ साली डनलप नावाच्या बेलफास्टच्या घोडा-डॉक्टरने तिला हवेची धाव दिली. ती त्याने केली आपल्या पोराच्या तीनचाकीसाठी. खडबडीत रस्त्यावर पोराला हादरे बसत म्हणून. पोरांसाठी बापांनी काय काय केलं आहे! आणि त्या हवेबरोबर पंक्चर आलं, ते पोरांनी पुढे निस्तरलं.

पण मला सगळ्यात गंमत वाटली ती रस्त्यांची. आज आपण समजतो की गुळगुळीत रस्ते मोटारींसाठी झाले. तसं नाही. इंग्लंडात १८८६ साली रस्ते सुधारा म्हणून संस्था काढली ती सायकलवाल्यांनी. अमेरिकेत १८८० साली सायकलवाल्यांचा संघ निघाला आणि चांगल्या रस्त्यांची चळवळ त्याने उभी केली. त्यांनी अर्ज केले, मासिकं काढली, पुढाऱ्यांना पिडलं. रस्ते सुधारू लागले आणि तेवढ्यात मोटार आली. ती तरी कोणी आणली? रोव्हर, प्यूजो, ओपेल ही मंडळी मोटारींच्या आधी सायकलीच करत होती. म्हणजे सायकलवाल्याने रस्ता मागून घेतला, सायकलवाल्यानेच मोटार केली, आणि त्या मोटारीने सायकलवाल्याला कडेच्या गटारात घातलं. आता तो बिचारा घोड्यांची जुनी वाट शोधत नदीकाठी जातो आणि त्याचे पैसे मोजतो. घर बांधून भाडेकरूला द्यावं आणि आपण ओसरीवर झोपायची परवानगी मागावी, असला हा प्रकार आहे.

आपल्याकडेही हौसेने सायकलवर फिरणारे झाले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा, १९२८ च्या मार्चमध्ये चव्वेचाळीस हजार मैल करून परत आले. वाळवंटं, बर्फ, जंगलं, सगळं तुडवलं. शाळेत आम्हाला कोलंबस शिकवला, मॅगेलन शिकवला. या तिघांचं नाव मला सत्तरी आल्यावर कळलं.

पण ही झाली पराक्रमाची सायकल. आमच्या भागात सायकल आली ती पोस्टमनची, मास्तरांची, दूधवाल्याची, कॅरियरला तांदळाचं पोतं आडवं बांधून बाजाराला जाणाऱ्याची. इथे कुणी 'सायकलिंग' केलं नाही. सायकलवर बसून कुठेतरी गेले, एवढंच. शहरात सायकलला बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, डबलसीट दिसला की पोलीस शिट्टी मारी. आमगावात दिवा नसला तरी चाले, कारण पकडणाऱ्यालाही आपण दिसत नसू. पोरं दांड्याखालून पाय घालून 'कैची' चालवत. मी बाबांच्या सायकलवर कैचीच शिकलो आणि दोन्ही गुडघ्यांवर त्याचं प्रमाणपत्र अजून आहे.

ती सायकल अ‍ॅटलास होती. सोनिपतला १९५१ साली निघालेली कंपनी. गावात निम्म्या सायकली तिच्या. काळा रंग, चोवीस इंची फ्रेम, मागे लोखंडी कॅरियर आणि मागच्या चाकाला गोल कुलूप, ज्याची चपटी किल्ली बाबा दाराआडच्या खिळ्याला अडकवत. घरात कुणाला त्या खिळ्यावर दुसरं काही अडकवायची मुभा नव्हती.

आता पुढचं सांगायचं तर सांगून टाकतो. मला बँकेत नोकरी लागली, काही वर्षांनी स्कूटर आली, आणि वडिलांची ती करकरणारी सायकल अंगणात उभी असलेली मला बघवेनाशी झाली. शाखेतले साहेब घरी यायचे होते. बाबा निवृत्त झाले होते आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला बहिणीकडे गेले होते. दारावर भंगारवाला आला. मी किलोच्या भावाने सायकल दिली. पावणेदोनशे रुपये आले, त्यात दहा घालून मी साहेबांसाठी काचेचे सहा ग्लास आणले.

बाबा परत आले. डोळ्याला हिरवी पट्टी. अंगणात जिथे सायकल असायची तिथे थोडा वेळ उभे राहिले. मला वाटलं, दिसत नसेल. मग घरात आले, चहा प्यायले, नागपूरच्या उन्हाबद्दल बोलले. सायकलचं नाव काढलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे अकरा वर्षांत नाही. किल्ली तेवढी खिळ्यावर राहिली. घराला रंग देताना ती काढावी लागे, आणि रंग वाळला की ते स्वतः उठून ती परत अडकवत.

२०२० साली, ३ जूनला, अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी मी वाचली. ३ जून हा जागतिक सायकल दिन; संयुक्त राष्ट्रांनी दोनच वर्षांपूर्वी तो ठरवलेला. बाबा तोवर नव्हते. असते तरी काही बोलले असते असं नाही.

तर मुद्दा असा, की भाच्याच्या फोनने मला नहराच्या पाळीवर जावंसं वाटायला लागलं. हे मी घरी बोललो. "अहो, वय काय तुमचं?" असा सवाल आला. सवालाचं उत्तर दोघांनाही ठाऊक असल्यामुळे मी ते दिलं नाही. शेजारच्या निवृत्त मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "चाला ना जी. मी तं तयारच आहो." मास्तर कशालाही तयारच असतात. नातवाची गिअरवाली सायकल मला मिळाली. मास्तरांनी आपली जुनी काढली.

माघातली सकाळ होती. कचारगडची यात्रा तोंडावर आलेली. दरेकशाजवळच्या डोंगरातल्या त्या मोठ्या गुहेत गोंड लोकांचं दैवत आहे; माघी पौर्णिमेला कुठकुठल्या राज्यांतून माणसं येतात आणि गाड्या पिवळ्या होऊन जातात. स्टेशनावर पिवळे फेटे दिसू लागले होते. आम्ही त्या गर्दीला वळसा घालून गावाबाहेर पडलो.

वाटेत मास्तरांनी पदमपूरच्या दिशेला हात करून भवभूतीचा विषय काढला. आमगावकर माणूस सायकलवर असो की स्ट्रेचरवर, पदमपूर जवळ आलं की भवभूतीचा विषय काढतोच. आठव्या शतकातल्या त्या महाकवीने आपलं गाव पद्मपूर सांगितलं आहे आणि ते म्हणजे आमचं हे पदमपूर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. तेव्हापासून आमच्या कॉलेजलाही भवभूतीचंच नाव आहे. 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात त्याने तमसा आणि मुरला या दोन नद्या चक्क पात्रं म्हणून रंगमंचावर आणून बोलत्या केल्या आहेत. बाघ नदीला मात्र एक वाक्य दिलेलं नाही.

"ते तर कनौजच्या राजाकडे गेले होते ना," मास्तर म्हणाले. "घरची नदी कोण आठवते तिथे?"

मला उगाचच भाचा आठवला.

पाळीवर चढलो आणि खरंच सांगतो, पाच मिनिटं मी काही बोललो नाही. उन्हाळी धानासाठी नहराला पाणी सोडलेलं होतं. ते काठोकाठ भरून आवाज न करता चाललं होतं, आमच्याच वेगाने. खाली एका बाजूला बांध्यांमध्ये रोवणा चालू होता, बाया ओळीने वाकलेल्या. दुसऱ्या बाजूला धान कापल्यावर पेरलेली लाखोळी. पळसाला नुकत्या काळ्या कळ्या आलेल्या. दूर दोन उंच पक्षी उभे होते. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे मास्तरांनी ताबडतोब ते सारस असल्याचं जाहीर केलं. जवळ गेल्यावर ते बगळे निघाले. मास्तरांचं म्हणणं, आपण जवळ गेल्यामुळे ते बगळे झाले.

ट्रॅफिक नव्हतं असं मात्र म्हणवत नाही. आधी म्हशी आल्या. मग शेळ्या. मग एक ट्रॅक्टर, जो मागे घेणं शक्य नव्हतं म्हणून आम्हीच सायकली घेऊन उतारावर लटकत उभे राहिलो. मग मोटारसायकलवरून तिघं, मधल्याच्या हातात कोंबडा. मग मात्र बराच वेळ कुणी नाही. आणि मग समोरून निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या आठ-दहा मुली, सगळ्यांच्या सायकली एका रंगाच्या, एका वेळी तिघी-तिघी बोलत. राज्यातल्या मागास तालुक्यांतल्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जायला सायकली मिळतात, त्यांतल्याच असाव्यात. आम्हाला पाहून त्यांनी घंट्या वाजवल्या आणि आम्ही बाजूला झालो. त्यांच्यासाठी तो निसर्गरम्य मार्ग नव्हता. शाळेची वेळ झाली होती.

सातव्या किलोमीटरला माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. गिअर अठरा होते, पण त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता. मास्तर म्हणाले, पुढच्या टोल्यावर पंक्चरवाला आहे. तो टोला दोन किलोमीटरवर निघाला आणि पंक्चरवाला म्हणजे एका झोपडीपुढे पाण्याचं घमेलं घेऊन बसलेला ऐंशीच्या घरातला म्हातारा. त्याने ट्यूब काढली, घमेल्यात बुडवली, बुडबुड्यांवर बोट ठेवलं.

"कोठून आले जी?"

"आमगावहून. वडील इथे नहरावर होते." का सांगितलं कोण जाणे.

त्याने वर पाहिलं. "काळी अ‍ॅटलास?"

"हो."

म्हातारा हसला नाही. कानशीने ट्यूब घासत राहिला. मग म्हणाला, "लय कडक माणूस. एका राती मी आपल्या बांधीत पाणी घ्याले पाळ फोडली होती. पहाटे पाचला तुमचा बाप सायकल घेऊन हजर. मले वाटलं, एवढ्या अंधारात कोण येते? दिवा बी नव्हता. माझी पाळी दोन डाव बंद केली. धान वाळलं माहं त्या साली."

मी काय बोलणार? टूर डायरीत याची एवढीच नोंद असणार, की अमुक ठिकाणी पाळ फोडलेली आढळली, दुरुस्ती केली. मास्तर घसा खाकरून म्हणाले, की खालच्या टोकाच्या शेतकऱ्यांनाही पाणी पोचायला पाहिजे ना.

"खालच्याले पोचलं," म्हातारा म्हणाला. "माहा सासराच होता खाली."

सोल्युशन लावलं, फुंकलं, ठिगळ चिकटवलं, हवा भरली. मी पन्नासाची नोट काढली. त्याने वीस घेतले, तीस परत दिले.

"पंक्चरचे एवढेच. पाण्याचं तुमच्या बापाकडून राहिलं."

पुजारीटोल्याच्या धरणापर्यंत आम्ही काही पोचलो नाही. मास्तरांच्या गुडघ्याने परतायचा निर्णय घेतला आणि माझ्या गुडघ्यांनी त्याला अनुमोदन दिलं. दुपारी दोनला घरी आलो. सौभाग्यवतींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे, आणि सायकल धुऊन ठेवा म्हणाल्या.

रात्री भाच्याला फोन केला. किती किलोमीटर, सरासरी वेग किती, चढ किती मीटर, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, अठरा किलोमीटर, चढ नाही, वेग पाण्याइतका. तो म्हणाला, डिसेंबरात येतो, तिकडचे दोन मित्रही येतील म्हणतात, पाळीवरूनच जाऊ. राहायची सोय काय? सामान कोण नेईल?

मी म्हटलं, मास्तरांना विचारून सांगतो. आणि येताना पंक्चरचं सामान घेऊन ये; त्या टोल्यावर आपल्या घराण्याची उधारी आहे.